लीलाताईंचा बंद कूलर

मे महिन्यातल्या दुपारी नागपुरात एखाद्या घराचा कूलर बंद असेल तर दोनच कारणं संभवतात. एक तर घरातली माणसं गावाला गेलेली असतात, नाही तर वीज गेलेली असते. आमच्या वरच्या मजल्यावरच्या लीलाताई रामटेके यांच्याकडे तिसरं कारण असायचं. त्या घरात असायच्या, वीजही असायची, आणि तरी खिडकीतलं ते अवाढव्य धूड मुकं उभं असायचं. आत लीलाताई डोक्यावर ओला पंचा टाकून, कानाला हेडफोन लावून, घामाने निथळत बसलेल्या असायच्या. कूलरच्या मोटरची खरखर रेडिओत शिरते आणि लांबचा माणूस ऐकू येत नाही, एवढंच त्याचं कारण.

मी साताऱ्याकडची. थंड हवेत वाढलेल्या माणसाला नागपूरचा उन्हाळा म्हणजे काय ते लग्नानंतरच कळतं, आणि कळलं तरी शेवटपर्यंत पटत नाही. त्यामुळे मनीषनगरातल्या या फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर, कोणीतरी बाई आपण होऊन कूलर बंद करून बसते हे ऐकून मी तिला सरळ वेड्यात काढलं. आमच्या ह्यांना विचारलं तर वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "हॅम आहेत त्या." म्हणजे काय हे मला हळूहळू समजलं. सरकारी परीक्षा देऊन परवाना काढायचा, घरी स्वतःचं यंत्र मांडायचं, गच्चीवर तार बांधायची आणि देशोदेशीच्या तसल्याच वेड्यांशी गप्पा मारायच्या. यातून एक पैसा मिळत नाही आणि मिळवायला परवानगीही नाही.

लीलाताई बुटक्या, अंगाने भरलेल्या, आणि चष्मा असा जाड की त्यामागचे डोळे नेहमी आश्चर्यात पडल्यासारखे दिसायचे. आवाज मात्र दोन होते. दाराशी उभ्या राहून बोलायच्या तो आवाज भिवापूरचा होता. माहेर तिथलं, घरची मिरचीची शेती, आणि बोलणंही तसंच, जिभेला लागल्यावर कळणारं. हातात माइक आला की दुसरा आवाज निघायचा. तो स्वच्छ, सावकाश, शब्दाशब्दात अंतर ठेवणारा होता. तो आवाज त्यांनी नोकरीत कमावला होता. टेलिफोन खात्यात त्या ट्रंक ऑपरेटर होत्या. गावाबाहेर फोन लावायचा तर आधी नोंदवून ठेवून तासन् तास वाट बघावी लागायची, त्या काळातल्या.

त्या नोकरीने त्यांना एक नियम दिला होता आणि त्यांनी तो निवृत्तीनंतरही परत केला नाही. "जोडून द्याचं अन् उतराचं." म्हणजे दोन गावांच्या तारा जोडल्या, पलीकडचा माणूस बोलायला लागला की ऑपरेटरने लाइनवरून बाजूला व्हायचं. ऐकत बसायचं नाही. ऐकता येत असतानाही ऐकायचं नाही, ही त्यातली खरी गोष्ट होती.

एकदा ड्यूटीवर असताना भिवापूरहून नागपूरचा कॉल आला. बोलणारे त्यांचे सख्खे काका होते आणि पलीकडे ज्या घरात लीलाताईंचं लग्न ठरत होतं ते घर. त्यांच्या जागी कोणीही ऐकलं असतं. लीलाताईंनी काकांचा आवाज ओळखला, तारा जोडल्या आणि उतरल्या. मी म्हटलं, मग होकार की नकार ते तुम्हाला कळलं कधी? तर म्हणाल्या, "घरी गेल्यावर. सगळ्या पोरींले कळते तसंच." होकार होता. संसार चांगला झाला असावा, कारण यजमानांचा विषय निघाला की त्या त्यांच्या घोरण्याची नक्कल करून दाखवायच्या. मूलबाळ नव्हतं. यजमान गेल्यावर घरात शांतता फार झाली, म्हणून त्यांनी पन्नाशीत परीक्षा दिली आणि परवाना काढला. तो परवाना बैठकीच्या भिंतीवर, बुद्धाच्या छोट्या मूर्तीच्या वर, काचेत लावलेला असायचा. लोक मुलांच्या पदव्या लावतात तशा थाटात.

मी शाळेत गणित शिकवायची, म्हणून त्या मला मास्तरीण म्हणायच्या. शाळा सुटल्यावर कधीमधी मी वर जाऊन बसायची. त्या डायल फिरवत असायच्या आणि माझी परीक्षा घ्यायच्या. खरखरीतून एक आवाज वर यायचा. "सांग वं, हा कोण?" मला काय कळणार? मला सगळे सारखेच वाटायचे, नळाला पाणी येण्याआधीच्या आवाजासारखे. मग त्यांनी मला शिकवलं, आणि मी गणिताची असूनही कबूल करते की इतकं सोपं करून मला कुणी काही शिकवलेलं नाही. आधी डायलवरचा आकडा बघायचा, कारण कुठल्या पट्ट्यात कोण हे सरकारने आखून दिलेलं असतं. पण आकड्यावर विसंबायचं नाही, माणूस कसा बोलतो ते ऐकायचं. "जो आपलं नाव सांगून बोलते अन् नाव सांगून थांबते, तो आपला. हॅम. परवान्यावरचं नाव, म्हंजे सरकारनं दिलेली अक्षरं, सांगितल्याबिगर आम्हाले तोंड उघडता येत नाही. जो नाव सांगत नाही, नुसता 'अरे सुन, कहाँ है' करते, तो मोकळ्या रस्त्यावरचा. तो पट्टा सगळ्यांसाठी खुला आहे, परवाना लागत नाही. चहाच्या टपरीवर कोणी नाव सांगून बोलते का? अन् जो नमस्कारबी करत नाही, नुसता नंबर घेते अन् कामाचं बोलते, तो ड्यूटीवरचा. पोलीस असंन, फायरवाले असंन. तिथून उतराचं."

हे 'उतराचं' म्हणताना त्यांचा हात आधीच डायलवर फिरलेला असायचा. तसा आवाज कानावर पडला की एका श्वासात त्या पुढे गेलेल्या असायच्या. मला मात्र उत्सुकता. कधी कुठे चोरी झाली असेल, ऐकू या ना थोडं, असं मी एकदा म्हटलं. त्यांनी जाड चष्म्यातून माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही. त्यांचं म्हणणं, ओळखायला शिकायचं ते कुठे थांबायचं नाही हे कळावं म्हणून.

तारेचा त्यांना इतका सराव झाला होता की घरबसल्या सोसायटीची खबर लागायची. गच्चीवर दोन खांबांना बांधलेली त्यांची लांब तार ही अर्ध्या सोसायटीला कपडे वाळवायची दोरी वाटायची. यंत्रावरचा काटा जरा हलला की लीलाताई जिन्यात येऊन ओरडायच्या, कोणी चादर टाकली वं तारेवर, काढा. आणि खरंच चादर असायची. रेडिओत वेगळीच खरखर आली की त्या म्हणायच्या, खालच्या मजल्यावरच्या कूलरची मोटर जाते आता. दोन दिवसांत ती जायची. लोक थक्क व्हायचे, पण आभार मानण्याऐवजी त्यांना वाटायचं की या बाईला आपल्या घरातलं सगळं ऐकू येतं.

सगळ्यात जास्त हे वाटायचं आमच्या सोसायटीचे सचिव भोयर साहेब यांना. माणूस वाईट नव्हता. सोसायटीचा पाण्याचा पंप, पार्किंग, लिफ्ट, सगळं तो जिवापाड सांभाळायचा. पण गच्चीवरची ती तार त्याच्या डोळ्यात सलायची. त्यात दर हिवाळ्यात लीलाताईंच्या माहेराहून मिरचीचं पोतं यायचं, त्या ते गच्चीवर तारेखाली पसरायच्या आणि वरचे दोन मजले दिवसभर शिंकायचे. भोयर साहेबांनी एकदा वरपर्यंत तक्रार केली होती की ही बाई घरात बसून पोलिसांचं ऐकते. चौकशी झाली, काही निघालं नाही, पण जाताना अधिकारी बजावून गेले होते की नेमून दिलेल्या पट्ट्यांबाहेर कान लावल्याचं पुन्हा आलं तर परवाना जाईल. लीलाताई त्यावर हसल्या नाहीत. परवाना हा विषय त्यांच्या थट्टेच्या बाहेरचा होता. तो गेला तर यंत्र उचलून नेतील, तार उतरेल, आणि उरेल ते नुसतं घर.

त्या मे महिन्यात भोयर साहेबांनी नव्याने नोटीस काढली. श्रीमती रामटेके सरकारी यंत्रणांचं बोलणं ऐकतात किंवा कसे, याचा लेखी खुलासा करावा. नोटीस नेऊन द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण बायकांचं बायकांनी बघावं असं समितीत ठरलं. लग्नसराईतली भर दुपार होती, रस्त्यावर डांबर मऊ झालं होतं. मी वर गेले तेव्हा कूलर बंद, दार उघडं. लीलाताईंनी मला हाताने बसायची खूण केली. डायल फिरवता फिरवता त्यांचा हात थांबला होता. मला हे नवीन होतं, कारण यंत्रावर लागलेला आवाज माझ्यासारखीलाही ओळखू आला. नमस्कार नाही, नाव नाही, नुसते नंबर. ड्यूटीवरचे. आणि त्या नंबरांच्या मध्येच एक आवाज मोठ्याने घुसला, "जलेबी भेजो, दूसरी पंगत बैठ गई."

मला हसू फुटलं. लीलाताई हसल्या नाहीत. मागून दबका, तुटलेला दुसरा आवाज काहीतरी विचारत होता, गल्लीचं नाव असावं, आणि त्याच्यावर पुन्हा मठ्ठा, पुन्हा पुऱ्या, पुन्हा जिलेबीचा घाणा. रेडिओचं असं आहे की एका चॅनलवर दोघं एकदम बोलले की जवळच्याचा आवाज लांबच्याला गिळून टाकतो. "आग विझवणारे आहेत हे," लीलाताई म्हणाल्या. "अन् यांच्या मधात कोणी तरी लग्न लावून राहिलं."

त्यांनी गळ्यातला हेडफोन काढला आणि घरचा फोन उचलला. अग्निशमन दलाच्या नियंत्रण कक्षाचा नंबर त्यांनी न बघता फिरवला. माइकवरच्या आवाजात त्यांनी सांगितलं की तुमच्या चॅनलवर बाहेरचा सेट बोलतोय, तुमच्या गाडीचं बोलणं दबतंय, ताबडतोब दुसऱ्या चॅनलवर जा. पलीकडच्या माणसाने काहीतरी विचारलं. काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही, पण कळलं, कारण लीलाताईंनी चालू यंत्राकडे पाहिलं. तुम्हाला हे कसं कळलं, बाई? दुसरं काय विचारणार तो?

त्या वेळी माझ्या हातात ती नोटीस होती. बाई सरकारी यंत्रणांचं ऐकते किंवा कसे. मी हाताने खूण केली की ठेवा फोन, सांगून झालंय, नाव कशाला देता. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, काचेतल्या परवान्याकडे. मग माझ्याकडे पाठ केली.

"मी ऐकलं," त्या म्हणाल्या. "लीला रामटेके. परवान्यावरचं नाव सांगते, लिहून घ्या." आणि एकेक अक्षर सुटं करून त्यांनी ते सांगितलं, दोनदा, समोरच्याची चूक होऊ नये म्हणून.

फोन ठेवल्यावर मी काही बोलणार तेवढ्यात त्या पायात चपला सरकवत होत्या. सगळ्या गाड्या चॅनल बदलतीलच असं नाही, एखादी मधेच राहिली तर तिचं कोण ऐकणार, तो जिलेबीवाला बंद झालाच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. "गाडी काढ वं मास्तरीण. आवाज एवढा मोठा येते म्हंजे जवळच आहे तो."

मग जे झालं त्याची आठवण आली की मी अजून एकटीच हसते. दोघींनी तोंडाला ओढण्या बांधल्या. मी स्कूटी चालवतेय, मागे लीलाताई एका हातात छोटा सेट आणि दुसऱ्या हातात त्यांनीच बनवलेला अँटेना धरून. तो अँटेना सुताराच्या पत्र्याच्या मोजपट्टीचे तुकडे प्लास्टिकच्या पाइपला आडवे बांधून केलेला होता, आणि ज्या दिशेला धरला त्या दिशेचा आवाज मोठा करायचा. दर चौकात मला थांबायला लावायच्या, उतरायच्या, भर उन्हात गोल फिरायच्या आणि बोटाने रस्ता दाखवायच्या. पुढे आवाज इतका जवळ आला की अँटेना सगळीकडे सारखंच सांगायला लागला. तेव्हा त्यांनी तो माझ्या हातात दिला, सेट छातीशी घट्ट धरला आणि सावकाश स्वतःभोवती फिरल्या. एका जागी आवाज बारीक झाला. "माझ्या अंगाआड गेला. म्हंजे पाठीमागं आहे." सिग्नलवरचा पोलीस आमच्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघून उगाचच हात हलवला.

पाठीमागे मंगल कार्यालय होतं. कमानीवर झेंडूच्या माळा आणि आत जेवणावळ. जेवणाचा कंत्राटदार बबलूभाऊ दारातच उभा होता, कमरेला काळा सेट, आणि लीलाताईंच्या हातातल्या सेटमधून त्याचाच आवाज येत होता. लीलाताईंनी सरळ जाऊन त्याच्या कमरेचा सेट काढला आणि बंद केला. पाहुणी असावी असं समजून त्या बिचाऱ्याने तो काढू दिला. काय झालं ते ऐकल्यावर त्याचा चेहरा पांढरा पडला. त्याने धावत जाऊन आचाऱ्याकडचे, वाढप्यांकडचे सगळे सेट गोळा करून आणले आणि लीलाताईंच्या पायाशी ठेवले.

त्याची चूक म्हणावी तर तीही नव्हती. इतवारीतल्या एका ठोक दुकानातून त्याने हे सेट घेतले होते. दुकानदार मदतीचा माणूस. गिऱ्हाइकाला कुणाचा त्रास नको म्हणून त्याने बसून एकेक चॅनल ऐकला, आणि जिथे कोणी म्हणून बोलत नव्हतं तो चॅनल शोधून सगळ्या सेटांवर लावून दिला. वर अशीही सोय केली की या सेटांना फक्त आपसातलंच ऐकू यावं. त्यामुळे आपण कुणाच्या मधे बोलतोय याचा बबलूभाऊला पत्ताच नव्हता.

लीलाताई मांडवातल्या खुर्चीवर बसल्या आणि त्यांनी मठ्ठा मागितला. ऊन त्यांनाही लागलं होतं. मग बबलूभाऊला म्हणाल्या, "शांत दिसलं म्हणून रिकामं समजला का गा तो? ते लोक कामाबिगर तोंड उघडत नाहीत, म्हणून शांत आहे ते." हे त्या रागावून बोलल्या नाहीत. मला वाटतं, त्यांना त्या दुकानदाराची चूक समजत होती. त्यांच्या स्वतःच्या घराकडे बघूनही पुष्कळांचा तोच गैरसमज व्हायचा.

आग इतवारीतल्या एका अरुंद गल्लीतल्या गोदामाला लागली होती, हे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं. वरच्या मजल्यावर अडकलेली माणसं सुखरूप खाली उतरली. जिलेबीचं त्यात काही नव्हतं, लीलाताईंचंही नव्हतं.

पण सोसायटीत कसं लपणार? नोटीस द्यायला गेलेली मी त्यांना स्कूटीवर घेऊन गेलेली सगळ्यांनी पाहिलं होतं. पाण्याच्या टाकीशी, लिफ्टमध्ये, भाजीवाल्याच्या गाडीभोवती एकच प्रश्न. अजून काय काय ऐकलं हो तुम्ही? कोण अडकलं होतं? फायरवाले घाबरले होते का? लीलाताई म्हणायच्या, जिलेबी गरम होती. त्यापुढे एक शब्द नाही. मी तर तिथे बसलेली होते, पण माझ्याशीही त्या त्याबद्दल बोलल्या नाहीत.

आठवडाभराने दोन अधिकारी आले. भोयर साहेब त्यांना जिन्यातून वर घेऊन आले, आणि मीही मागोमाग गेले, कारण मला खाली बसवेना. लीलाताईंनी चहा ठेवला. धाकट्या अधिकाऱ्याने विचारलं, ऐकलं हे खरं का? त्या म्हणाल्या, खरं. किती वेळ? जिलेबीवाला कोण हे कळेपर्यंत. मग थोरल्याने अगदी सहज विचारलं की त्या वेळी दलाची माणसं आपसात काय बोलत होती, तेवढं सांगा, नोंदीला लागेल.

लीलाताईंनी कप खाली ठेवला. "साहेब, जिलेबीचं सगळं सांगते, पाहिजे तेवढं लिहा. बाकीचं त्याईचं आहे. ते मले सांगता येत नाही."

भोयर साहेब अस्वस्थ होऊन म्हणाले की अहो बाई, सरकारी माणसं विचारताहेत, तुमचा परवाना आहे यात. त्या उठल्या, भिंतीवरची काच उतरवली, पदराने पुसली आणि टेबलावर अधिकाऱ्यांसमोर ठेवली. अधिकाऱ्यांनी काच घेतली नाही. म्हणाले, निर्णय वरून येईल, तोवर यंत्र बंद ठेवा. चहा छान झालाय, असंही म्हणून गेले.

मग ते वाईट दिवस आले. लीलाताईंनी यंत्रावर जुन्या साडीचा तुकडा पांघरला. आणि त्यांच्या खिडकीतला कूलर सुरू झाला. सकाळी सुरू व्हायचा, संध्याकाळपर्यंत घरघरत राहायचा. इतरांना काही वाटलं नाही, उलट बरंच झालं, बाई माणसांत आली. मला मात्र खालच्या घरात तो आवाज सहन व्हायचा नाही. वर गेले तर त्या गार खोलीत कोरड्या कपड्यांत बसून राहिलेल्या. थट्टा नाही, परीक्षा नाही. मीच एकदा उगाच म्हटलं की त्या दिवशी नाव सांगितलं नसतं तर? त्या म्हणाल्या, "बिननावाचं बोलले असते तर त्या जिलेबीवाल्यात अन् माझ्यात काय राहिलं असतं वं?" आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागल्या.

भोयर साहेबांचंही मला सांगायलाच हवं. एका सकाळी ते गच्चीवर दिसले. तारेवर कुणीतरी चादर टाकली होती. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, ती काढली, घडी करून कठड्यावर ठेवली आणि खाली निघून गेले. नोटिशीचा विषय समितीत पुन्हा आला नाही.

नवतपा लागला. उन्हाळ्याच्या शेवटचे ते नऊ कडक दिवस म्हणजे नागपुरात माणसं भिंतीच्या सावलीला धरून चालतात. अशाच एका दुपारी मी झोपायचा प्रयत्न करत होते आणि काहीतरी चुकतंय असं वाटून उठून बसले. बराच वेळ कळेना काय ते. मग लक्षात आलं, वरचा आवाज थांबला होता. वीज गेली म्हणावं तर माझा पंखा फिरत होता. मी पायात चपलाही न घालता जिना चढले. दार उघडं होतं.

पुढच्या दिवाळीनंतर लीलाताई भिवापूरला पुतण्याकडे राहायला गेल्या. तिथे शेतात तार हवी तेवढी लांब बांधता येते आणि तिच्यावर कोणी चादर टाकत नाही. जाताना सगळी सोसायटी खाली जमली होती, भोयर साहेब स्वतः सामान चढवत होते. पण तो निरोप मला नीट आठवत नाही. माझ्या मनात त्या राहिल्या आहेत त्या नवतप्यातल्या त्या दुपारच्या.

टेबलावर परवाना कायम ठेवल्याचं सरकारी पत्र होतं आणि काच भिंतीवर परत गेली होती. साडीचा तुकडा खाली पडला होता. लीलाताई डोक्यावर ओला पंचा टाकून बसल्या होत्या, गळ्यावरून, हातांवरून घाम ओघळत होता, ब्लाउज पाठीला चिकटला होता, आणि चेहरा असा होता की मी दारातच थांबले. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. खरखरीतून जबलपूरचा एक म्हातारा आवाज अमरावतीच्या कोणाला तरी हाका मारत होता, आणि अमरावतीवाल्याला तो ऐकू येत नव्हता. आधी नाव, मग निरोप, मग पुन्हा नाव. त्यांनी माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या. सांग वं, हा कोण?

"आपला," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि माइक उचलला. त्या दुसऱ्या, स्वच्छ आवाजात त्यांनी आपलं नाव सांगितलं, याचं त्याला पोचवलं, त्याचं याला, मग दोघांना जरा बाजूच्या आकड्यावर सरकायला सांगितलं. तिथे ते दोघे एकमेकांना ऐकू येऊ लागले. जबलपूरवाल्याने तब्येतीचं विचारलं. अमरावतीवाला सांगायला लागला, गुडघ्याचं काहीतरी. मला ऐकायचं होतं.

लीलाताईंनी बटण बंद केलं, पंचा डोक्यावरून ओढला आणि तोंड पुसलं.

"कूलर लाव वं आता मास्तरीण," त्या म्हणाल्या. "जीव चालला माझा."